दोन सूत कमी

लहानपणी आमच्या घरी कपाटाचे दार बसवायला सुतार आले होते. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. दुपारभर ते रंधा मारत होते आणि मी भुश्श्याच्या ढिगाशेजारी बसून पाहत होतो. संध्याकाळी दार चौकटीला लावून पाहताना त्यांनी एक डोळा बारीक केला, फटीवर पट्टी धरली आणि स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “दोन सूत कमी पडतंय.” मदत करण्याची ही संधी सोडायची नाही, म्हणून मी धावत आत गेलो, आईच्या शिवणाच्या डब्यातल्या रिळाचे दोन हातभर दोरे तोडले आणि त्यांच्यापुढे धरले. मिस्त्री हसले नाहीत, ही त्यांची थोरवी. त्यांनी ते दोरे घेऊन कानामागे पेन्सिल होती तिथेच अडकवले आणि पट्टीवरच्या इंचाच्या बारीक रेघा मला मोजायला लावल्या. एका इंचाचे आठ सूत होतात, हे मी त्या दिवशी शिकलो.

पुढे शाळेत ‘सूत्र’ भेटले. दोन पदांच्या बेरजेचा वर्ग, व्याजाचे सूत्र, वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे सूत्र; फळ्यावर चौकट करून लिहायचे आणि रात्री पाठ करायचे. मिस्त्रींचे सूत आणि गुरुजींचे सूत्र हा एकच शब्द असेल, अशी शंकाही मला त्या वयात आली नाही. एक भुश्श्यातला, दुसरा खडूच्या धुळीतला. त्यांची ओळख असण्याचे काही कारण दिसत नव्हते.

ती ओळख फार जुनी आहे. संस्कृतात ‘सिव्’ म्हणजे शिवणे. आपले ‘शिवणे’ हे क्रियापद त्याच धातूपासून आले आहे आणि ‘सूत्र’ हा शब्दही त्याच धातूचा मानतात. ज्याने शिवायचे ते सूत्र, म्हणजे दोरा, इतका हा साधा अर्थ आहे. प्राकृतात त्याचे ‘सुत्त’ झाले आणि मराठीत येईपर्यंत ‘सूत’. शेवटचा ‘त्र’ झिजून ‘त’ उरण्याची ही वाट अनेक शब्दांनी चालून पार केली आहे. क्षेत्राचे शेत झाले, गोत्राचे गोत झाले, तसे सूत्राचे सूत. नंतर पंडितांनी मूळ संस्कृत शब्दही पोथीतून जसाच्या तसा उचलून आणला आणि मराठीच्या घरात एकाच शब्दाची दोन रूपे नांदू लागली. अशा जोड्यांमध्ये कामांची जी वाटणी होते, तिची मला नेहमीच गंमत वाटत आली आहे. झिजलेले रूप राबणाऱ्यांकडे जाते आणि कोरे रूप बोलणाऱ्यांकडे. नांगर शेतात चालतो. ‘शैक्षणिक क्षेत्रात’ भाषणे होतात. गणगोत अडीनडीला धावून येते. गोत्र विधीच्या वेळी पुरोहिताला सांगायचे असते. सूत कातले जाते, आणि सूत्रे मात्र ‘हाती घेतली’ जातात, बहुधा समारंभपूर्वक आणि हारतुऱ्यांसह.

झिजलेल्या रूपाने किती कामे अंगावर घेतली आहेत पाहा. सूत म्हणजे कातलेला धागा, हा तर पहिला अर्थ; त्यावरून सुती कापड, सुतळी, सूतगिरणी. दोन माणसांचे मन जुळले की त्यांचे ‘सूत जुळले’ म्हणायचे. हे जुळणे प्रेमाचेच असले पाहिजे असे नाही. दोन चोरांचेही सूत जुळते आणि सासू-सुनेचेही जुळू शकते. एवढ्याशा पुराव्यावर मोठे अनुमान उभे करणारा माणूस ‘सुतावरून स्वर्ग गाठतो’. शब्दांच्या व्युत्पत्तीविषयी लिहिणाऱ्या माणसाने ही म्हण डोळ्यांसमोर टांगून ठेवलेली बरी.

‘सुतासारखा सरळ’ या शब्दप्रयोगाने मात्र मला बराच काळ कोड्यात टाकले होते. सूत कुठे सरळ असते? डब्यातून काढलेला दोरा वेटोळी घेतो, गाठी मारतो, सुईच्या नाकात जायलाही आढेवेढे घेतो. सरळपणाचे उदाहरण द्यायचे तर काठी होती, बाण होता. सूत का निवडले? याचे उत्तर मिस्त्रींच्या हातात होते, आणि मी ते पाहूनही पाहिले नव्हते. लांब फळी सरळ चिरायची असली की ते लाल काव लावलेला दोरा फळीच्या दोन टोकांवर ताणून धरत, मधोमध चिमटीत उचलत आणि सोडून देत. टप् असा आवाज होई आणि फळीवर एक लाल रेघ उमटे. कोणत्याही पट्टीने काढता येणार नाही इतकी ती सरळ असे. दोरा मऊ आहे, म्हणूनच तो ताणल्यावर सरळ होतो. काठीला तिचा स्वतःचा बाक असतो, दोऱ्याला नसतो. ‘सुतासारखा सरळ’ हा वाक्प्रचार शिवणाच्या डब्यातून निघालेला नाही, तो अशा फळीवरून उठलेला असावा. ‘त्याला सुतासारखा सरळ केला’ असे आपण एखाद्या वांड मुलाविषयी म्हणतो, तेव्हा त्याला दोन्हीकडून ताणला आहे हेही त्यात न बोलता येतेच.

लांबीचे माप म्हणून सूत आजही जिवंत आहे, आणि तेही ज्यांनी कधी सूत कातलेले पाहिले नाही अशांच्या तोंडी. बांधकामावर सळई मागवताना ‘चार सूत’ म्हटले की अर्ध्या इंचाची सळई समजतात. कागदावर ती १२ मिलिमीटरची झाली आहे, अर्धा इंच म्हणजे काटेकोरपणे १२.७ मिलिमीटर, पण बोलताना कुणी त्या दशांशाची फिकीर करत नाही. एक सूत म्हणजे ३ मिलिमीटर आणि वर थोडेसे. मीटर आले, इंच अर्धवट गेले, सूत राहिले.

आता सुताराकडे येतो. ‘सुतार’ हा शब्द ‘सूत्रधार’ या शब्दाची झीज होऊन बनला आहे: सूत्रधार, मग प्राकृतात सुत्तहार, मग सुतार. सूत्र धरणारा, म्हणजे मोजणीचा दोरा ज्याच्या हाती आहे तो. जुन्या शिलालेखांत मंदिरे बांधणाऱ्या स्थपतींना आणि शिल्पींना ‘सूत्रधार’ म्हटलेले आढळते, आणि ११व्या शतकातल्या भोजराजाच्या नावावर असलेल्या वास्तुशास्त्रावरील ग्रंथाच्या शीर्षकातही ‘सूत्रधार’ आहे. नाटकातला सूत्रधारही हाच शब्द. तो रंगभूमी मोजून आखणारा म्हणून सूत्रधार झाला, की बाहुल्यांचे दोरे हलवणारा म्हणून, यावर अभ्यासकांनी बराच वाद घातला आहे. कळसूत्री बाहुल्या पाहिलेल्या कुणालाही दुसरे मत चटकन पटते. माझा कल मात्र पहिल्याकडे आहे, आणि त्यामागे पुराव्यापेक्षा मिस्त्रींवरचा लोभ अधिक आहे हे मी कबूल करतो.

१८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभे केले तेव्हा सूत्रधाराचे काम केवळ प्रस्तावना करून बाजूला होण्याचे नव्हते. सगळी कथा पदांतून तोच गात असे आणि पात्रे त्याच्या गाण्याच्या आधाराने बोलत, वावरत. प्रसंगांमधली ओढ त्याच्या आवाजात होती. आज तो शब्द कुठे दिसतो? ‘दरोड्याच्या कटाचा मुख्य सूत्रधार फरार.’ मंदिर बांधणारा आणि नाटक उभे करणारा माणूस वर्तमानपत्रात येईपर्यंत गुन्हेगार झाला, आणि रंगमंचावरची त्याची जागा ‘सूत्रसंचालका’ने घेतली, ज्याला बहुतेक वेळा पुढच्या वक्त्याचे नाव वाचून दाखवण्यापलीकडे काही संचालन करायचे नसते. शब्दांच्या अधोगतीवर अश्रू ढाळण्याची मला हौस नाही, पण सूत्रधाराच्या बाबतीत थोडे वाईट वाटते खरे.

सूत्राचा जो अर्थ विद्वानांना सर्वांत प्रिय आहे, तो म्हणजे अत्यंत थोडक्यात सांगितलेला नियम किंवा सिद्धान्त. त्याची व्याख्या सांगणारा एक प्रसिद्ध श्लोक आहे. सूत्रात अक्षरे थोडी असावीत, संदिग्धता नसावी, सार असावे, त्याचे तोंड सर्व दिशांना असावे, भरतीचे अक्षर आणि दोष नसावेत, असे तो सांगतो. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणांना मुलगा झाल्याचा आनंद होतो, असे त्यांच्याविषयी गमतीने म्हटले जाते. हे सगळे ठीक आहे. पण थोडक्यात सांगितलेल्या वाक्याला ‘दोरा’ का म्हणावे? थोडकेपणा हा दोऱ्याचा गुण नाही. दोरा तर लांबच लांब असतो.

याचे एक तयार उत्तर मिळते: ताडपत्रांना भोक पाडून त्यांतून दोरा ओवत, त्यावरून पोथीला आणि पोथीतल्या वाक्याला सूत्र म्हणू लागले. मला ते पटत नाही. सूत्रे रचली गेली ती मुख्यतः पाठ करण्यासाठी. त्यांचे घर जीभ होते, पान नव्हते. शिवाय मग प्रत्येक पोथीला सूत्र म्हटले गेले असते. मला समाधान देणारे उत्तर पाणिनीच्या व्याकरणात सापडले, आणि ते मी शक्य तितक्या जवळून दाखवतो.

पाणिनीच्या अष्टाध्यायीत सुमारे ४००० सूत्रे आहेत. सहाव्या अध्यायात एक प्रसिद्ध सूत्र आहे: ‘इको यणचि’. इ, उ, ऋ, ऌ या स्वरांपुढे दुसरा स्वर आला तर त्यांच्या जागी अनुक्रमे य, व, र, ल येतात, असा त्याचा अर्थ. ‘इति’ आणि ‘आदि’ यांचे ‘इत्यादि’ होते ते या सूत्राने. यातला ‘अचि’ हा तुकडा म्हणजे ‘स्वर पुढे असताना’. आता लगेच पुढचे सूत्र पाहा: ‘एचोऽयवायावः’. ए, ओ, ऐ, औ यांच्या जागी अय्, अव्, आय्, आव् येतात, एवढेच त्यात म्हटले आहे. ‘ने’ आणि ‘अन’ मिळून ‘नयन’, ‘पो’ आणि ‘अन’ मिळून ‘पवन’, ही त्याची उदाहरणे. पण हे केव्हा घडते? सूत्रात त्याचे उत्तर नाही. ते मागच्या सूत्रात आहे. तिथला ‘अचि’ न उच्चारता पुढे वाहत येतो आणि इथेही ‘स्वर पुढे असताना’ हीच अट लागू होते. व्याकरणात याला अनुवृत्ति म्हणतात. एकेक शब्द कधी एका सूत्रापुरता, कधी पानेच्या पाने असा खालून वाहत राहतो, आणि म्हणून पुढचे सूत्र इतके आखूड असू शकते. त्यातले एखादे सूत्र उचलून वेगळे ठेवा, ते मुके होते. कापडातून ओढून काढलेल्या धाग्याकडे पाहून कापडावर कोणती नक्षी होती हे सांगता येत नाही, तसे.

हे कळल्यावर मला ‘दोरा’ हे नाव पहिल्यांदा खरोखर पटले. सूत्र आखूड असते, कारण शेजारच्या सूत्राने त्याचा भार उचललेला असतो. नाव देणाऱ्यांच्या मनात नेमके हेच होते की नाही हे त्यांनाच ठाऊक; पण शाळेतल्या चौकटीतल्या सूत्राचा स्वभाव याच्या अगदी उलटा आहे. ते एकटेच उभे असते, मागेपुढे काही नसले तरी चालते, परीक्षेत तेवढेच लिहिले तरी एखादा गुण मिळतो.

तरीही गणितातल्या सूत्राला मी उपरा मानणार नाही, कारण त्याच्या पूर्वजांत खरीखुरी दोरी आहे. यज्ञवेदीच्या मोजमापाचे नियम सांगणारे ग्रंथ ते शुल्बसूत्रे. ‘शुल्ब’ म्हणजे दोरी, म्हणजे हे नाव दोरीविषयीचा दोरा असे झाले. बौधायनाच्या शुल्बसूत्रात म्हटले आहे की आयताच्या कर्णावर ताणलेली दोरी जेवढे क्षेत्र निर्माण करते, तेवढे क्षेत्र त्याच्या दोन बाजू वेगवेगळ्या मिळून निर्माण करतात. आपण ज्याला पायथागोरसचे प्रमेय म्हणतो ते हेच. इथे सूत्र हे विधान आहे आणि ते सिद्ध करणारी वस्तू खुंट्यांना बांधलेली दोरी आहे. आजही पायाची आखणी करताना गवंडी एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट मोजतो आणि तिरका दोरा ५ फूट भरला की कोपरा काटकोनात आला असे मानून पुढच्या कामाला लागतो. त्याने प्रमेय पाठ केलेले असेल किंवा नसेल.

मराठी गद्याच्या आरंभीच सूत्र आहे, हेही इथे सांगायला हवे. तेराव्या शतकातल्या चक्रधरस्वामींची वचने केशिराजांनी संकलित केली, तो महानुभावांचा ‘सूत्रपाठ’. त्यांच्याच ‘दृष्टांतपाठा’त आधी सूत्र, मग त्यावरची छोटी गोष्ट म्हणजे दृष्टांत, आणि मग त्या गोष्टीचा मूळ वचनाशी लावलेला संबंध म्हणजे दार्ष्टांतिक, अशी रचना आहे. एकट्या सूत्राला जगात सोडून द्यायचे नाही, ही काळजी तिथेही दिसते.

दोरा आणि लेखन यांचे नाते एवढ्यावर संपत नाही. ‘ग्रंथ’ या शब्दात गुंफणे, गाठ मारणे आहे; गाठीला आपण ग्रंथीच म्हणतो. ‘निबंध’ आणि ‘प्रबंध’ यांत बांधणे आहे. ‘ओवी’चा संबंध ‘ओवणे’ या क्रियापदाशी जोडतात. ११२९च्या सुमारास चालुक्य राजा सोमेश्वराने महाराष्ट्रात स्त्रिया कांडताना ओवी गातात अशी नोंद करून ठेवली आहे, त्यामुळे तो शब्द निदान तेवढा जुना. आणि एक शब्द असा आहे की ज्याचा अर्थ जवळजवळ सगळेच चुकीच्या बाजूने समजतात: ‘ओतप्रोत’. आपण ‘ओतप्रोत भरलेला’ म्हणतो आणि मनात घागर ओतत असतो. या शब्दाचा ओतण्याशी काही संबंध नाही. ‘वे’ म्हणजे विणणे. ओत म्हणजे एका दिशेने विणलेले, प्रोत म्हणजे दुसऱ्या दिशेने. उभा धागा आणि आडवा धागा, ताणा आणि बाणा. बृहदारण्यक उपनिषदात गार्गी याज्ञवल्क्याला विचारते की हे सगळे पाण्यात ओतप्रोत आहे, तर पाणी कशात ओतप्रोत आहे? ती एका मागून एक धागा उसवत जाते आणि शेवटी याज्ञवल्क्य तिला, आता पुढे विचारू नकोस, डोके गळून पडेल, असे बजावतो. लगेच पुढच्या संवादात उद्दालक विचारतो: हा लोक, परलोक आणि सगळी भूते ज्यात गुंफली आहेत ते सूत्र तुला माहीत आहे का? उत्तर येते, वायू. माणूस मरतो तेव्हा त्याचे अवयव सैल पडले असे म्हणतात, कारण ते वायुरूपी सूत्राने गुंफलेले असतात, असे स्पष्टीकरणही तिथे आहे. दोऱ्यावर इतका मोठा भार दुसऱ्या कुणी टाकला नसेल.

आधुनिक काळात ज्यांनी पारिभाषिक शब्द घडवले, त्यांतल्या एका अनाम कारागिराला मला दाद द्यायची आहे. पेशींच्या केंद्रकातल्या ज्या रचनांना १८८८ साली वाल्डायर या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाने ‘रंगीत देह’ अशा अर्थाचे ग्रीक नाव दिले, कारण त्या रंगद्रव्य शोषून सूक्ष्मदर्शकाखाली उठून दिसत, त्यांना आपण ‘गुणसूत्रे’ म्हणतो. मूळ नाव फक्त दिसण्यावरून दिलेले आहे; मराठी नाव काम सांगते. गुण वाहून नेणारा दोरा. माणसाच्या पेशीत असे ४६ दोरे, २३ जोड्यांत. पेशीच्या विभाजनाच्या एका प्रकाराला आपण ‘सूत्री विभाजन’ म्हणतो, आणि इथे मूळ ग्रीक नावातही धागाच आहे, कारण १८८२ साली फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञाने ते नाव दिले तेव्हा त्याला भिंगाखाली धागेच दिसले होते. अनुवृत्तीची आठवण मला इथे पुन्हा होते. आधीच्या पिढीतला एखादा शब्द न उच्चारता वाहत येतो आणि नातीच्या हनुवटीवर उमटतो.

सगळेच सारखे दिसणारे शब्द मात्र नातलग नसतात. ‘सूतक’ या शब्दात दोरा नाही. त्यात ‘सू’ म्हणजे जन्म देणे हा धातू आहे, ज्यावरून प्रसूती आली. कर्णाला हिणवताना ‘सूतपुत्र’ म्हणतात तो सूत म्हणजे सारथी, तोही वेगळा. अनोळखी माणसांची आडनावे सारखी असावीत, तसे हे आहे.

राहता राहिली बातम्यांतली सूत्रे. ‘सूत्रांनी सांगितले’, ‘सूत्रांच्या माहितीनुसार’, ‘सूत्रांनी यावर बोलण्यास नकार दिला’. सूत्राला तोंड फुटले ते इथे. पूर्वी अशी माहिती ‘आतल्या गोटातून’ येई, आणि गोट म्हणजे सैन्याचा तळ असल्यामुळे तिला थोडी हेरगिरीची चव तरी असे. हे नवे सूत्र एकटेही नाही आणि शेजाऱ्याला बांधलेलेही नाही. त्याचे दुसरे टोक कुणाच्या हाती आहे हे न कळू देणे, हेच त्याचे काम आहे. कळसूत्रीच्या खेळात निदान दोरा वर जातो हे तरी दिसते. पोलीसबातमीतले ‘धागेदोरे हाती लागले’ मला त्यामानाने प्रामाणिक वाटते.

ते कपाट अजून घरात आहे. दाराच्या कडेला मिस्त्रींनी त्या संध्याकाळी सागाची एक बारीक पट्टी जोडून फट भरली होती. रंगाचे हात चढत गेले तशी ती दिसेनाशी झाली, पण बोट फिरवले की सांधा लागतो. हा लेख लिहिताना उठून मी तिथला रंग नखाने थोडा खरवडला आणि मुलीच्या कंपासपेटीतली प्लास्टिकची पट्टी लावून पाहिली. सहा मिलिमीटर, आणि वर थोडेसे. त्या थोडेशासाठी तिच्या पट्टीवर रेघ नव्हती.